‘दोन वर्षांनी शरीर नवी किडनी आपली मानते’: एका फॉरवर्डचा मुद्देनिहाय प्रतिवाद

किडनी ट्रान्सप्लांट झालेल्यांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक संदेश वेगवेगळ्या रूपांत फिरत असतो. त्याचा गाभा असा: किडनी बसवून दोन वर्षे झाली आणि क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते सांगणारा रक्तातला आकडा) स्थिर असेल, तर शरीराने ती आपली मानली. पेशी तशाही सतत बदलत असतात, त्यामुळे किडनी आता तुमचीच झाली. आईवडिलांनी दिलेली असेल तर प्रश्नच नाही. टॅक्रोलिमससारख्या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या पांढऱ्या पेशी मारतात आणि शेवटी किडनीही त्याच खराब करतात. तेव्हा गोळ्या हळूहळू बंद करा आणि गुळवेल-अश्वगंधा घेऊन प्रतिकारशक्ती वाढवा.

यातले एक विधान अर्धे खरे आहे, एक पाव खरे आहे, बाकीची साफ चुकीची आहेत. तरीही त्यावर लोकांचा विश्वास बसतो याचे नवल नाही. महिन्याचा औषधांचा खर्च, हाताची थरथर, सुजलेला चेहरा, नव्याने लागलेली शुगर हे सगळे सोसणाऱ्याला ‘आता पुरे’ असे कोणी सांगितले तर ते गोडच वाटणार. म्हणून एकेक विधान घेऊन, प्रत्यारोपित किडनीत पेशी प्रत्यक्षात काय करतात ते पाहू.

‘दोन वर्षांनी शरीर किडनी आपली मानते’

शरीर मानते म्हणजे कोण मानते? हा निर्णय मुख्यतः टी पेशींचा, म्हणजे परके काय ते ओळखणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा. आपल्या जवळजवळ सर्व पेशींच्या पृष्ठभागावर एचएलए नावाची प्रथिने असतात. त्यांची जनुके सहाव्या गुणसूत्रावर असतात आणि ती माणसागणिक वेगळी असतात. एखाद्या नव्या जंतूला ओळखणारी टी पेशी लाखात एखादी सापडते. परक्या माणसाच्या एचएलएला प्रतिसाद देऊ शकणाऱ्या टी पेशी मात्र शंभरात एक ते दहा असतात. प्रत्यारोपणाचा सगळा त्रास या एका आकड्यातून सुरू होतो.

ही ओळख पटण्याच्या दोन मुख्य वाटा आहेत. किडनीबरोबर डोनरच्या काही पांढऱ्या पेशीही येतात. त्या पहिल्या काही दिवसांतच किडनीतून निघून रुग्णाच्या प्लीहेत आणि लसिका ग्रंथींत पोहोचतात आणि तिथल्या टी पेशींना आपले परके एचएलए थेट दाखवतात. या पेशी काही आठवड्यांत संपतात, त्यामुळे ही थेट वाट पुढे क्षीण होत जाते. फॉरवर्डमध्ये जो काही खरेपणा आहे तो इथला आहे. तीव्र रिजेक्शनचा, म्हणजे शरीराने किडनी परकी ठरवून तिच्यावर अचानक हल्ला करण्याचा, धोका पहिल्या काही महिन्यांत सर्वांत जास्त असतो आणि नंतर उतरतो. म्हणूनच बहुतेक सेंटर सुरुवातीला टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी ८ ते १० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या आसपास ठेवतात आणि वर्षभरात ती ५ ते ८ वर आणतात.

दुसरी वाट अप्रत्यक्ष आहे आणि ती कधीच बंद होत नाही. किडनीच्या पेशींमधून सुटणारे प्रथिनांचे तुकडे रुग्णाच्या स्वतःच्या पेशी उचलतात आणि स्वतःच्या टी पेशींपुढे धरतात. किडनी शरीरात आहे तोवर हे तुकडे सुटत राहणार. या वाटेने जाग्या झालेल्या टी पेशी अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशींना मदत करतात आणि त्यातून डोनरच्या एचएलएविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात. त्यांना डीएसए म्हणतात. कॅनडातल्या विनिपेगच्या डॉक्टरांनी ३१५ प्रत्यारोपणांचा पाठपुरावा करून २०१२ मध्ये जे मांडले ते या फॉरवर्डखाली चिकटवण्यासारखे आहे. १५ टक्के रुग्णांत नव्याने डीएसए तयार झाल्या, आणि त्या सापडण्याचा सरासरी काळ होता ४.६ वर्षे. म्हणजे फॉरवर्डने ठरवलेली मुदत उलटून गेल्यावर. डीएसए झालेल्यांत दहा वर्षांनी किडनी टिकण्याचे प्रमाण ५७ टक्के होते, न झालेल्यांत ९६ टक्के. डीएसए होण्यामागच्या ठळक कारणांत गोळ्या नियमित न घेणे हे एक होते.

‘पण ज्यांचे सगळे उत्तम चालले आहे त्यांनी तरी?’ हा प्रयोगही झाला आहे, आणि तो फॉरवर्ड वाचून नव्हे तर पूर्ण देखरेखीखाली. अमेरिकेत जिवंत डोनरकडून पहिलीच किडनी मिळालेले, आधीपासून अँटिबॉडी नसलेले रुग्ण निवडले. सहा महिन्यांनंतर ज्यांना रिजेक्शन झालेले नाही, डीएसए नाहीत आणि बायोप्सीतही सूज नाही, अशा २१ जणांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी केली. १४ जणांचे फक्त टॅक्रोलिमस हळूहळू बंद केले, बाकीची औषधे चालू ठेवली. त्यातल्या ४ जणांना तीव्र रिजेक्शन झाले, ५ जणांत डीएसए तयार झाल्या आणि अभ्यास मुदतीआधी थांबवावा लागला. निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. तपासून, निवडून, एकच गोळी बंद करून ही गत झाली. घरी अंदाजाने सगळ्या बंद करणाऱ्याचे काय होईल हे वेगळे सांगायला नको.

काही जण गोळ्यांविना राहतात हे खरे आहे, आणि असे लोक कोण हे नीट सांगितले की गोंधळ संपतो. २३ डिसेंबर १९५४ रोजी बॉस्टनमध्ये जोसेफ मरे यांच्या चमूने केलेले पहिले यशस्वी किडनी प्रत्यारोपण एकसारख्या जुळ्या भावांमधले होते. दोघांचे एचएलए तंतोतंत तेच, त्यामुळे पेशींना परके काही दिसलेच नाही. दुसरा गट यकृत बसवलेल्यांचा. यकृताशी शरीराचे वागणे किडनीपेक्षा पुष्कळ सौम्य असते. युरोपातल्या एका अभ्यासात प्रत्यारोपणाला किमान तीन वर्षे झालेल्या ९८ निवडक रुग्णांपैकी ४१ जणांची औषधे पूर्ण बंद करता आली. उरलेल्या ५७ जणांना रिजेक्शन झाले. यकृताचा हा अनुभव किडनीला लावणे ही गटांमधली नेहमीची चूक आहे. तिसरा गट डोनरच्या किडनीबरोबर त्याच डोनरची अस्थिमज्जा किंवा मूलपेशी मिळालेल्यांचा. बॉस्टन आणि स्टॅनफर्डमध्ये असे प्रयोग झाले. आपल्याकडे अहमदाबादच्या किडनी संस्थेत डॉ. एच. एल. त्रिवेदी यांच्या चमूने मूलपेशी वापरून औषधे कमी करण्याचे प्रयत्न अनेक वर्षे केले. यापैकी काहीही न करता गोळ्या सोडून किडनी टिकलेले लोक जगभरात इतके विरळ आहेत की त्यांच्यावर एकेकट्याने शोधनिबंध लिहिले जातात.

‘पेशी बदलत असतात, त्यामुळे किडनी तुमचीच होते’

यात दोन गोष्टींची सरमिसळ आहे. किडनीत वस्तीला असलेल्या पांढऱ्या पेशी खरोखर बदलतात. डोनरच्या पेशी कमी होत जातात आणि त्यांच्या जागी रुग्णाच्या येतात. डोनरच्या काही मॅक्रोफेज (जंतू आणि मेलेल्या पेशी गिळणाऱ्या) पेशी मात्र बराच काळ टिकून राहतात. आतड्याच्या प्रत्यारोपणात रिजेक्शन झाले नाही तर डोनरच्या टी पेशी वर्षानुवर्षेही राहू शकतात. अवयवागणिक हा हिशेब वेगळा आहे.

परंतु किडनी म्हणजे या पांढऱ्या पेशी नव्हेत. मूत्रनलिकांचे अस्तर, ग्लोमेरुलसच्या (रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म गाळणीच्या) केशवाहिन्या, रक्तवाहिन्यांचा आतला थर या मूळ बांधणीच्या पेशी झिजल्या तर प्रामुख्याने आपल्याच शेजारच्या पेशींच्या विभाजनातून भरून निघतात. म्हणजे नवी पेशीही डोनरचीच जनुके घेऊन येते. वीस वर्षे चाललेल्या किडनीच्या रक्तवाहिन्यांवरही डोनरचे एचएलए असते, आणि रुग्णाचे रक्त रोज त्याच थराला घासून वाहते. डीएसए चिकटतात त्या नेमक्या तिथे.

‘आईने दिली असेल तर गोळ्यांची गरज नाही’

आपल्याकडे बहुतेक किडन्या जिवंत नातेवाईक देतात, त्यामुळे हा गैरसमज इथे अधिक खोल आहे. हिशेब सोपा आहे. मुलाला एचएलएचा अर्धा संच आईकडून आणि अर्धा वडिलांकडून मिळतो. म्हणून आईची किडनी मुलाशी अर्धी जुळते. आईचा उरलेला अर्धा संच मुलापर्यंत आलेलाच नसतो आणि मुलाच्या टी पेशींना तो परका. सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के, अर्धे जुळण्याची ५० टक्के आणि अजिबात न जुळण्याची २५ टक्के. बायको किंवा नवरा डोनर असेल तर जुळणी निव्वळ योगायोगाची.

पूर्ण जुळणाऱ्या भावंडातही गोळ्या लागतात, कारण एचएलएखेरीज इतरही प्रथिने वेगळी असतात. बहिणीला भावाची किडनी मिळाली तर वाय गुणसूत्रावरून बनणारी प्रथिने तिच्या पेशींना अनोळखीच. अशा जोडीत डोस कमी ठेवता येतो, एवढाच फरक.

‘गोळ्या पांढऱ्या पेशी मारून टाकतात’

इथे जरा थांबायला हवे, कारण या एका समजुतीतून दोन उलट निष्कर्ष निघतात. कोणी म्हणतो पेशी मेल्या, आता धोका नाही. कोणी म्हणतो प्रतिकारशक्ती शून्य झाली. दोन्ही चूक.

टॅक्रोलिमस पेशी मारत नाही. टी पेशीने परके एचएलए पाहिले की तिच्या आत कॅल्शियम वाढते आणि कॅल्सिन्यूरिन नावाचे एन्झाइम जागे होते. ते एनएफएटी या प्रथिनावरचा फॉस्फेट काढते, एनएफएटी केंद्रकात शिरते आणि इंटरल्यूकिन-२ हे पेशींना वाढण्याचा निरोप देणारे प्रथिन तयार करण्याचे जनुक चालू होते. इंटरल्यूकिन-२ मिळाले की एका पेशीच्या हजारो होतात. टॅक्रोलिमस पेशीतल्या एका छोट्या प्रथिनाला चिकटून कॅल्सिन्यूरिनला अडवते. हे अडवणे पूर्ण नसते. नेहमीच्या डोसमध्ये कॅल्सिन्यूरिनचे काम घटते, थांबत नाही. टॅक्रोलिमससोबत दिल्या जाणाऱ्या मायकोफेनोलेट या गोळीचे काम वेगळ्या टप्प्यावर आहे. विभाजनासाठी पेशीला डीएनएचा कच्चा माल लागतो, आणि लिम्फोसाइट (टी आणि बी पेशी) तो बनवण्यासाठी ज्या मार्गावर अवलंबून असतात तोच मार्ग हे औषध रोखते. प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड सूज वाढवणारी अनेक जनुके एकदम दाबते.

औषध गेले की अडथळा गेला. टॅक्रोलिमसचा अर्धायुकाल माणसागणिक बराच बदलतो, पण साधारण बारा तासांचा धरला तर दोन-तीन दिवसांत रक्तातले औषध नगण्य होते. पेशी तिथेच असतात आणि त्यांना परके काय ते आठवत असते. पेशींना थांबवणे आणि किडनी आपली मानायला शिकवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या गोळ्या फक्त पहिली करतात. शिकवण्याच्या कामात टॅक्रोलिमस उलट थोडे आड येते. इतर टी पेशींना शांत ठेवणाऱ्या नियामक टी पेशी इंटरल्यूकिन-२ वरच जगतात, आणि त्याचा पुरवठाच हे औषध घटवते.

पेशी खरोखर मारणारे औषध म्हणजे प्रत्यारोपणाच्या वेळी दिले जाणारे एटीजी, म्हणजे टी पेशींविरुद्धच्या अँटिबॉडींचे औषध. तिथेही गंमत पाहा. एटीजीनंतर वाचतात त्यांत स्मृती टी पेशींचा, म्हणजे पूर्वी पाहिलेले परके लक्षात ठेवणाऱ्या पेशींचा, वाटा मोठा असतो. रिकाम्या झालेल्या जागेत त्याच वाढतात, आणि स्मृती पेशींना पुन्हा जागे व्हायला नवख्या पेशींइतकी मदत लागत नाही. या स्मृती पेशी आल्या कुठून? काही रक्त भरल्यामुळे, काही गरोदरपणामुळे, काही चक्क जुन्या विषाणूंमुळे. एपस्टाइन-बार विषाणूविरुद्ध तयार झालेल्या काही टी पेशी एचएलए-बी४४ या परक्या प्रथिनालाही तोच विषाणू समजून प्रतिसाद देतात, हे प्रयोगशाळेत कित्येक वर्षांपासून माहीत आहे. म्हणजे किडनी शरीरात येण्याआधीच तिला ओळखणारी पेशी हजर असू शकते.

गोळ्या चालू असताना रिजेक्शन होते तेव्हा किडनीच्या आत काय चाललेले असते? सिनसिनाटीच्या संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात याचे आजवरच्या उत्तम उत्तरांपैकी एक मिळते. त्यांनी रिजेक्शन झालेल्या किडन्यांच्या बायोप्सीतली एकेक पेशी वेगळी करून तिची चालू जनुके आणि तिचा टी पेशी रिसेप्टर (परके ओळखणारा तिच्यावरचा रेणू) दोन्ही वाचले. रुग्ण तीन वेगवेगळ्या औषधांवर होते: टॅक्रोलिमस, बेलाटासेप्ट आणि इस्कालिमॅब. चार गोष्टी दिसल्या. किडनीतल्या सीडी८ (मारेकरी प्रकारच्या) टी पेशींत वाढून फुगलेली कुळे, म्हणजे एकाच पेशीपासून झालेले वंशज, अगदी मोजकी होती, आणि एचएलए किती बेमेल आहे यावर किंवा औषधावर ती संख्या अवलंबून नव्हती. दुसरे, त्या कुळांतल्या पेशींचे रूप मात्र औषधानुसार बदलत होते: कुठे मारेकरी, कुठे स्मृती, कुठे थकलेले. तिसरे, रिजेक्शनवर उपचार यशस्वी झाल्यावर ही कुळे कमी झाली, पण नाहीशी झाली नाहीत. उपचार लागू पडला नाही तिथे ती टिकूनच राहिली. चौथे, त्यातली बहुतेक कुळे रुग्णाच्या लघवीतही सापडली. त्यावरून पुढे सुईविना तपासणीची वाट निघू शकेल.

यातली तिसरी गोष्ट रुग्णाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टिरॉइडची तीन सलाइने झाली, क्रिएटिनिन उतरले, रिपोर्टवर ‘रिजेक्शन बरे’ असे लिहिले गेले, तरी ज्या पेशींनी हल्ला केला त्यांचे वंशज किडनीत बसलेले असू शकतात. एकदा रिजेक्शन झालेल्याने गोळ्या सोडणे म्हणूनच जास्त धोक्याचे.

औषधानुसार पेशी बदलतात याचे व्यवहारातले उदाहरण बेलाटासेप्ट. टी पेशी पूर्ण जागी व्हायला परके एचएलए दिसण्याखेरीज तिच्यावरच्या सीडी२८ या रेणूला दुसरा इशारा मिळावा लागतो; हे औषध तो तोडते. टॅक्रोलिमससारखा किडनीवर ताण येत नाही, त्यामुळे दीर्घकाळ किडनीचे काम चांगले राहते. पण पहिल्या वर्षात रिजेक्शन जास्त दिसले. अनेक जुन्या स्मृती पेशींवर सीडी२८ उरलेलेच नसते, म्हणजे जी दोरी तोडायची ती त्यांना बांधलेलीच नाही. औषध वाईट आहे असा याचा अर्थ नाही. प्रत्येक औषधाच्या जाळ्यातून निसटणाऱ्या पेशी वेगळ्या, इतकेच. एनके पेशी (परक्या किंवा बिघडलेल्या पेशी मारणाऱ्या आणखी एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) आणि मॅक्रोफेज यांच्यावर टॅक्रोलिमसची पकड सैल असते, आणि अँटिबॉडी ओतणाऱ्या प्लाझ्मा पेशींवर तर फारशी नसतेच. अँटिबॉडीमुळे होणारे रिजेक्शन इतकी वर्षे उपचारांना दाद देत नव्हते त्याचे हे एक कारण. व्हिएन्ना आणि बर्लिनच्या डॉक्टरांनी प्लाझ्मा पेशी व एनके पेशींवरच्या सीडी३८ ला लक्ष्य करणारे फेल्झार्टामॅब २२ रुग्णांत वापरून पाहिले. २०२४ च्या निष्कर्षांत बायोप्सीतले रिजेक्शन २४ आठवड्यांनी औषध घेतलेल्या ११ पैकी ९ जणांत मावळलेले होते, औषध नसलेल्या १० पैकी फक्त २ जणांत. संख्या लहान आहे, पण दिशा स्पष्ट आहे.

‘क्रिएटिनिन नॉर्मल म्हणजे रिजेक्शन नाही’

हे पाव खरे विधान. क्रिएटिनिन वाढले तर काहीतरी बिघडले आहे. वाढले नाही तर बिघडलेले नाही, असे मात्र म्हणता येत नाही. काही ग्लोमेरुलस निकामी झाले की उरलेले जास्त काम करतात आणि आकडा तसाच दिसतो. माणसाचे स्नायू घटले असतील तर क्रिएटिनिन मुळात कमी तयार होते. ठरल्या वेळी केलेल्या बायोप्सीत, क्रिएटिनिन ठीक असलेल्या रुग्णांतही मूत्रनलिकांत शिरलेल्या टी पेशी सापडतात. त्याला सबक्लिनिकल रिजेक्शन म्हणतात.

बायोप्सीत काय मोजतात ते रुग्णाला माहीत असले तर रिपोर्ट वाचता येतो. सोनोग्राफीत पाहत १६ किंवा १८ गेजच्या सुईने बहुधा दोन तुकडे घेतात. नमुना पुरेसा ठरायला किमान १० ग्लोमेरुलस आणि २ धमन्या हव्यात. वाचन बॅन्फ पद्धतीने होते. कॅनडातल्या बॅन्फ गावी १९९१ मध्ये झालेल्या बैठकीतून ती आली. ‘आय’ म्हणजे किडनीच्या बाह्यभागात व्रण नसलेल्या जागेपैकी किती भागात पेशी शिरल्या: १० ते २५ टक्के असेल तर १, २६ ते ५० असेल तर २, त्याहून जास्त असेल तर ३. ‘टी’ म्हणजे सर्वांत जास्त बाधलेल्या नलिकेच्या एका छेदात किती लिम्फोसाइट: १ ते ४ ला १, ५ ते १० ला २, दहाहून अधिक असतील तर ३. आय२ आणि टी२ मिळून टी पेशींचे रिजेक्शन, श्रेणी १ए. धमनीच्या आतल्या थराखाली पेशी दिसल्या की श्रेणी २. अँटिबॉडीच्या रिजेक्शनसाठी ग्लोमेरुलस आणि केशवाहिन्यांतली सूज, सी४डी रंग (अँटिबॉडीच्या हल्ल्याची खूण दाखवणारा) आणि रक्तातल्या डीएसए पाहतात.

टी पेशी नलिकेतच का शिरतात? त्यांच्यातल्या काहींवर सीडी१०३ नावाचा रेणू असतो आणि नलिकेच्या पेशींवर त्याचा जोडीदार ई-कॅडहेरिन. शिवाय नलिकेच्या पेशी इंटरल्यूकिन-१५ बनवतात, आणि त्यावर स्मृती सीडी८ पेशी इंटरल्यूकिन-२ विनाही तग धरतात. टॅक्रोलिमसने अडवलेल्या रस्त्याला हा वळसा आहे.

एक सावधानता. बायोप्सीत पेशी दिसल्या म्हणजे प्रत्येक वेळी रिजेक्शन नसते. बीके विषाणू किडनीत वाढला तरी नलिकांभोवती तशाच पेशी जमतात, आणि तिथे उपचार नेमका उलटा: गोळ्या कमी करायच्या. म्हणून एसव्ही४० हा खास रंग आणि रक्तातली बीकेची पीसीआर चाचणी करतात. ‘अमक्याच्या डॉक्टरांनी स्वतः गोळ्या कमी केल्या’ अशी जी उदाहरणे गटांत सांगितली जातात, त्यातल्या काहींमागे हा विषाणू असतो. शेजाऱ्याचा डोस आपल्याला लावायचा नाही तो यासाठी.

आणि ‘मी सहा महिन्यांपूर्वी बंद केल्या, काही झाले नाही’ हे सांगणारे खोटे बोलत नसतात. औषध जायला तीन दिवस लागतात, डीएसए तयार व्हायला आठवडे ते महिने, ग्लोमेरुलसच्या पडद्याला दुहेरी थर यायला आणखी महिने, मग लघवीतून प्रथिने, आणि शेवटी क्रिएटिनिन. हा अनुभव लिहिला जातो तो या साखळीच्या मधल्या टप्प्यात.

‘गोळ्याच किडनी खराब करतात’

हे अर्धे खरे विधान. टॅक्रोलिमस आणि त्याच गटातले जुने सायक्लोस्पोरिन ग्लोमेरुलसकडे जाणारी बारीक धमनी आकुंचित करतात. पातळी दीर्घकाळ जास्त राहिली तर त्या धमनीच्या भिंतीत काचेसारखा थर साठतो आणि पट्ट्यापट्ट्यांनी व्रण पडतात. किडनी सोडून इतर अवयव बसवलेल्या अमेरिकेतल्या ६९,३२१ रुग्णांच्या २००३ मधल्या अभ्यासात १६.५ टक्क्यांना पुढे किडनीचा दीर्घ आजार जडला. त्यात या औषधांचा वाटा होता हे कोणी नाकारत नाही.

पण बसवलेल्या किडन्या निकामी होण्याचे मुख्य कारण हे नव्हे. कॅनडातल्या एडमंटनच्या अभ्यासात कारण निश्चित करता आलेल्या ५६ निकामी किडन्यांपैकी ३६ रिजेक्शनमुळे गेल्या होत्या, आणि त्या ३६ पैकी १७ रुग्ण गोळ्या नियमित घेत नसल्याची नोंद आधीच होती. डोस कमी ठेवण्याचा फायदा काय, हेही तपासलेले आहे. १,६४५ रुग्णांच्या सिम्फनी चाचणीत चार पद्धतींची तुलना झाली. टॅक्रोलिमस ३ ते ७ च्या कमी पातळीत, मायकोफेनोलेट आणि स्टिरॉइडसोबत दिलेल्या गटात वर्षाअखेर किडनीचे काम सर्वांत चांगले होते आणि रिजेक्शनही सर्वांत कमी, १२.३ टक्के. टॅक्रोलिमसऐवजी सिरोलिमस हे वेगळ्या प्रकारचे औषध दिलेल्या गटात ते ३७.२ टक्के होते. औषध बेताचे असावे, हे इथून शिकायचे. ते नसावे, हे नव्हे.

‘गुळवेल, काढा, इम्युनिटी बूस्टर घ्या’

यावर थोडक्यात. सगळा उपचार टी पेशींना रोखण्यासाठी चालला असताना त्यांना चेतवणारे काही मागून घेण्यात अर्थ नाही. प्रतिकारशक्ती वाढवण्याचा दावा खरा असेल तर तो किडनीच्या विरोधात जातो आणि खोटा असेल तर पैसे वाया. मुंबईच्या डॉक्टरांनी कोविडच्या काळात गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती; आयुष मंत्रालयाने तिच्यावर आक्षेप घेतला. तो वाद बाजूला ठेवला तरी, यकृतातूनच टॅक्रोलिमसचा निचरा होतो आणि यकृत बिघडले की त्याची पातळी कुठेही जाऊ शकते.

त्यापेक्षा रोजच्या या गोष्टींकडे लक्ष हवे. ग्रेपफ्रूट आणि पपनस पातळी वाढवतात. फ्लुकोनाझोल, क्लॅरिथ्रोमायसिन, डिल्टियाझेमही वाढवतात. टीबीवरचे रिफाम्पिसिन आणि फिटवरचे फेनिटोइन ती इतकी पाडतात की डोस कित्येक पट करावा लागतो. टीबी आपल्याकडे सर्रास आढळत असल्याने हे प्रत्येकाने ध्यानात ठेवावे. जुलाब लागले की पातळी कमी होईल असे वाटते, प्रत्यक्षात ती बहुधा वाढते.

गोळ्या खरोखर कमी करायच्या असतील तर

आधी टॅक लेव्हल, म्हणजे रक्तातली टॅक्रोलिमसची पातळी, विश्वासार्ह हवी. रक्त सकाळची गोळी घेण्याआधी, रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचे. रात्री नऊला घेतली असेल तर सकाळी नऊला रक्त, मग गोळी. लॅबमध्ये जायच्या घाईत गोळी घेऊन रक्त दिले तर आकडा फुगतो आणि डॉक्टर नको तिथे डोस कमी करतात. नमुना ईडीटीएच्या जांभळ्या झाकणाच्या नळीत, अख्ख्या रक्ताचा, कारण हे औषध मुख्यतः तांबड्या पेशींत असते. शक्यतो दरवेळी तीच लॅब. गोळी जेवणाआधी एक तास किंवा नंतर दोन तास, आणि रोज त्याच पद्धतीने. डोस चुकला आणि पुढच्याची वेळ जवळ आली असेल तर दुप्पट घ्यायची नाही. कंपनी बदलली तर डॉक्टरांना सांगून लेव्हल पुन्हा करायची. वर-खाली होत राहणारी लेव्हल ही स्थिर पण थोड्या कमी लेव्हलपेक्षा जास्त काळजीची.

मग डॉक्टरांपुढे नेमकी तक्रार मांडायची: थरथर, शुगर, केस गळणे, खर्च, जी असेल ती. प्रत्येकीला वेगळा उपाय आहे. थरथरीसाठी दिवसातून एकदा घ्यायची टॅक्रोलिमसची गोळी, शुगरसाठी स्टिरॉइड उतरवणे, किडनीवरच्या परिणामासाठी खालची पातळी किंवा एव्हरोलिमस (सिरोलिमसच्या जातीचे औषध), खर्चासाठी दुसरा ब्रँड. बदल एका वेळी एकच. त्यानंतर आठवड्याभरात टॅक लेव्हल आणि क्रिएटिनिन, महिन्याने लघवीतली प्रथिने, आणि डोस मुद्दाम घटवला असेल तर दोन-तीन महिन्यांनी डीएसए. यातली डीएसएची चाचणी महाग आहे आणि म्हणून टाळली जाते. गोळ्या कमी करायच्या असतील तेव्हा तरी ती टाळू नये.